हात कोरडे, पाठ ओली

मुलाने फाइल पुढे केली आणि हात चटकन मागे घेऊन पँटला पुसला. पुठ्ठ्यावर चार बोटांचे ओले ठसे राहिले. अठरा पूर्ण व्हायला तीन महिने बाकी. साताऱ्याकडचं फौजी घर. आजोबा पेन्शनीत, चुलता सरहद्दीवर. एनडीएची लेखी निघाली, मुलाखत निघाली आणि मेडिकलला 'अनफिट'. एनडीएच्या वैद्यकीय निकषांत तळहात, तळपाय किंवा काखेतला अतिघाम हे नाकारण्याचं कारण म्हणून दिलेलंच आहे. वडील म्हणाले, "डॉक्टर, ते दुर्बिणीचं ऑपरेशन करूनच टाकू का? दुसऱ्या दिवशी घरी सोडतात म्हणे."

सोडतात, खरं आहे. काखेत अर्ध्या सेंटिमीटरचे एक-दोन छेद घेतात. एका बाजूचं फुप्फुस थोडा वेळ आक्रसवून ठेवतात, म्हणजे आत बघायला जागा होते. पाठीच्या कण्याला लागून, फासळ्यांच्या टोकांवरून सिंपथेटिक नसेची साखळी खाली उतरते. पांढरट दोऱ्यासारखी दिसते. तिसऱ्या किंवा चौथ्या फासळीवर तो दोरा कापायचा, जाळायचा किंवा चिमटा लावून दाबायचा. मग दुसरी बाजू. रुग्ण टेबलावर असतानाच तळहात गरम आणि कोरडा होतो. शंभरातल्या 95 हून जास्त जणांचे हात कोरडे होतात, असं जगभरचे सर्जन सांगतात आणि त्यावर माझा विश्वास आहे. इतकं खात्रीचं फळ देणारी ऑपरेशनं थोडी.

कल्पना जुनी आहे. घामासाठी ही नस पहिल्यांदा 1920 मध्ये कापली गेली, तेव्हा छाती किंवा मान उघडावी लागे. 1950 च्या दशकात ऑस्ट्रियाच्या कुक्स यांनी दुर्बिणीतून शेकड्यांनी अशी ऑपरेशनं केली. व्हिडिओ कॅमेरा आल्यावर, 1990 नंतर, त्याचा प्रसार झाला.

अडचण आहे ती घामाचीच. हातांचा बंद झाला की अनेकांना तो पाठीवर, पोटावर, मांड्यांवर फुटू लागतो. किती जणांना? कोणत्या अभ्यासात 3 टक्के, कोणत्यात 98. एवढी तफावत पडते, कारण 'थोडा जास्त घाम' आणि 'दिवसातून तीन शर्ट' यांना एकाच खान्यात टाकायचं की वेगळं मोजायचं, हे ज्याचं त्याने ठरवलेलं असतं. बहुतेकांचं निभावतं. काहींचं निभावत नाही, आणि ते कोण असतील हे आधी सांगता येत नाही. कापलेली नस पुन्हा जोडून पूर्ववत होईल याची खात्री नाही. चिमटा काढल्यावरही सगळ्यांना फरक पडतोच असं नाही. तैवानमध्ये हे ऑपरेशन फार झालं. दमट हवेचा देश, पाठ भिजल्याच्या तक्रारीही तशाच. 2004 मध्ये तिथल्या आरोग्य खात्याने वीस वर्षांखालच्यांवर ते करायला मनाई केली. आपल्याकडे कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याने हा दाखला दोनदा वाचावा. पाणी हातावरचं पुसता येतं, पाठीवरचं पुसायला हात पोचत नाही.

अमेरिकेतल्या छातीच्या सर्जनांचं 2011 चं मत याच्या उलट वाटेल. त्यांच्या लेखी योग्य रुग्ण म्हणजे सोळाच्या आत त्रास सुरू झालेला, पंचविशीच्या आतला, सडपातळ, झोपेत घाम न येणारा. आमचा मुलगा अगदी साच्यात बसतो. पण त्याच यादीत आणखी एक अट आहे: स्वस्थ बसल्यावरची नाडी 55 च्या खाली नको, कारण ही नस हृदयालाही वेग देते आणि ती कापल्यावर ठोके आणखी उतरू शकतात. मी मनगट धरलं. चार वर्षं पहाटे पळणाऱ्या पोराची नाडी 52 भरली. मेडिकलसाठी कमावलेलं शरीरच ऑपरेशनच्या आड आलं.

मुळात हा घाम उन्हाचा नाहीच. तळहाताच्या ग्रंथी उकाड्यापेक्षा मनाचं जास्त ऐकतात. म्हणून पेपर हातात पडला की त्या वाहू लागतात आणि झोपेत गप्प असतात. (झोपेत अंगभर घाम येत असेल किंवा मोठेपणी अचानक सुरू झाला असेल, तर आधी थायरॉइड, साखर आणि क्षयाची तपासणी.) आणि 'हाताला घाम येतो' या शब्दांत तो त्रास मावत नाही. उत्तरपत्रिकेखाली रुमाल, अंगठ्याच्या मशीनवर पुन:पुन्हा 'परत लावा', मल्लखांबावरून घसरणारी पकड. आपल्याकडे नमस्कार आहे म्हणून निदान भेटीगाठीत तरी सुटका.

म्हणून मी ऑपरेशनला नको म्हणत नाही. क्रम उलटा लावू नका म्हणतो. रात्री कोरड्या हाताला लावायचं ॲल्युमिनियम क्लोराइड आधी. गोळ्याही आहेत, तोंड कोरडं पाडतात. बोटॉक्सची इंजेक्शनं काही महिने टिकतात, पण तळहातात सुया टोचून घेणं सोपं नाही आणि काही दिवस पकड ढिली पडू शकते. जपानने 2023 मध्ये खास तळहातांसाठी ऑक्सिब्युटिनिनचं लोशन मंजूर केलं.

यातला सगळ्यात दुर्लक्षित उपाय म्हणजे आयनटोफोरेसिस. दोन ताटल्यांत पाणी, त्यात तळवे, पाण्यातून सौम्य वीज; वीस-तीस मिनिटं, सुरुवातीला आठवड्यातून तीनदा, नंतर अधूनमधून कायम. तयार मशीनच घ्यायचं. घरच्या प्लगवर जुगाड केला तर जीव जाईल. गरोदर बाई किंवा पेसमेकर असलेल्याने या वाटेला जाऊ नये. यात बढाई मारण्यासारखं काही नाही, महिनाभर चिकाटी लागते, कदाचित म्हणूनच याची जाहिरात मोबाइलवर दिसत नाही.

माझी मागणी साधी आहे. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर मराठीत लिहावं, की पाठीवर, पोटावर घाम वाढू शकतो, तो कायमचा असू शकतो, आणि या सर्जनच्या किती रुग्णांना तसं झालं. आकडा नसेल तर 'मोजलेलं नाही' असं लिहावं.

वडिलांना हे सगळं लांबण वाटलं. "पुढच्या मेडिकलपर्यंत हात सुकतील का, तेवढं सांगा," म्हणाले. सुकू शकतात, पण खात्री देत नाही, मी म्हटलं. मुलगा मात्र ताटल्यांवरच अडकला होता. "सर, घरी आरओचं पाणी आहे, ते चालेल?"

आरओच्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच, वीज नीट वाहत नाही. चमचाभर खायचा सोडा टाकावा लागेल.

"मग बोअरचं?"

बोअरचं उत्तम.