आजोबांच्या डब्यातले अकरा चाकू



मागच्या पावसाळ्यात आमचे वडील गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर आम्ही भावंडे निफाडच्या घरी माळ्यावरचे सामान खाली काढत होतो. त्यात बिस्किटाचा एक मोठा पत्र्याचा डबा निघाला. आत धोतराच्या चिंध्यांत गुंडाळलेले अकरा चाकू आणि एक कातड्याचे रिकामे म्यान. चाकू आजोबांनी जमवलेले, दोन-तीनांची भर वडिलांची. भंगारवाला नेमका दारात उभा होता. त्याने सगळ्यांचे मिळून दीडशे रुपये सांगितले. आम्ही देऊनही टाकले असते, पण धाकट्या बहिणीने डबा उचलून आत नेला.

आमच्या घरात त्यातल्या एकाच चाकूचा बोलबाला होता. दुहेरी पात्याचा, काळ्या चौकटी-चौकटीच्या मुठीचा, कडी असलेला जड चाकू. ‘आजोबा महार पलटणीत होते, ब्रह्मदेशच्या लढाईत त्यांना सरकारने दिला,’ असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आमचे दादा दर १ जानेवारीला भीमा कोरेगावला जातात. विजयस्तंभासमोर उभे राहून आपल्या मुलांना आजोबांची हीच हकिगत सांगतात. म्हणून मी ठरवले की या चाकूची नीट माहिती काढून त्यांना लिहून द्यावी. मी पडलो कारकून. प्रत्येक वस्तूला नंबर घालून वहीत नोंद केल्याशिवाय मला चैन पडत नाही.

पहिली चूक मीच केली. गंज काढायला एका चाकूवर पॉलिशपेपर घासला आणि गंजाबरोबर त्यावरची अक्षरेही गेली. तेव्हा आधीच सांगून ठेवतो, जुना चाकू घासू नका आणि त्याला धारही लावू नका. शिलाई मशीनचे तेल दोन-चार थेंब टाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी मऊ फडक्याने पुसा. चाकूची जन्मपत्रिका पात्याच्या बुडाशी, मुठीला लागून जो बिनधारेचा भाग असतो तिथे असते. तिथे खडूची पूड चोळली की अक्षरे उठून दिसतात. पातळ कागद ठेवून वर पेन्सिल फिरवली तर ठसाही मिळतो. मोबाईलने फोटो काढून मोठा करून बघितले तर आणखी उत्तम.

असे बघत गेलो तेव्हा एकेक चाकू बोलू लागला. हाडाच्या मुठीच्या एका लहान चाकूवर चांदणी आणि तिच्याशेजारी क्रूस निघाला. ही इंग्लंडातल्या शेफील्ड गावच्या जोसेफ रॉजर्स कंपनीची खूण. ही कंपनी इंग्लंडच्या राजघराण्याची चाकूवाली, म्हणून पात्यावर मुकुट आणि राजाची अक्षरे घाली. व्हिक्टोरिया राणीच्या काळात, म्हणजे १८३७ ते १९०१, व्ही.आर.; सातव्या एडवर्डच्या काळात, १९१० पर्यंत, ई.आर.; त्यानंतर पुन्हा जी.आर. आमच्यावर जी.आर. आहे. पण हुरळून जाऊ नये. या कंपनीच्या मालाला इतका खप होता की एखादे अक्षर इकडचे तिकडे करून नकली रॉजर्स पुष्कळ निघाले. आमच्याच डब्यात दुसरा ‘रॉजर्स’ आहे, त्याच्या नावातले एक अक्षर गायब आहे आणि चांदणीऐवजी फूल आहे.

पात्यावर ‘स्टेनलेस’ असे लिहिलेले असेल तर तो चाकू १९१३ नंतरचा समजावा, कारण शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने न गंजणारे पोलाद त्या साली काढले. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर १९४९ ते १९९० मधला. एवढ्या दोन खुणांवर माझे तीन चाकू वहीत बसले.

एकाला खटका होता. दाबला की पाते सटकन बाहेर. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचे हे काम हिंदी सिनेमाने घरोघर पोहोचवले. पट्टीने मोजले तर पाते सात इंच भरले. शस्त्र कायद्याखालच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पाते, घरकामाचे किंवा शेतीचे नसेल तर, शस्त्रांत मोजतात. म्हणून सात इंचांचे खिशात घालून फिरावे असा अर्थ नव्हे. सणासुदीला, मिरवणुकीच्या दिवसांत पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे हुकूम निघतात, त्यांत चाकूही येतो. आपल्या वस्तीतल्या पोराच्या खिशात असला चाकू सापडला तर ‘आजोबांची आठवण आहे’ हे ऐकून घेणारा फौजदार मला तरी अजून भेटलेला नाही. तो चाकू कपाटात कुलपाआड आहे.

एक चाकू मला काही केल्या कळेना. सरळ पाते, धार एकाच बाजूने, लाकडी मूठ झिजून अंगठ्याच्या आकाराची झालेली. मी वहीत ‘वडिलांचा, उपयोग अज्ञात’ असे लिहिले. आई चहा घेऊन आली, तिने वही वाचून घेतली आणि म्हणाली, “तुझ्या बाबांचा कशाचा? माझा आहे तो. कलमाचा.” पिंपळगाव बसवंतच्या बाजूला द्राक्षबागांत डॉगरिजच्या खुंटावर कलमे भरायला आई टोळीबरोबर जायची. खुंट चिरायचा, काडीला पाचरीसारखा तास द्यायचा, बसवून पट्टी आवळायची. तास एका सपाट घावात आला नाही तर कलम धरत नाही, म्हणून धार एका बाजूला. हे सगळे तिने हातातल्या चमच्याने करून दाखवले. आम्ही तिघेही त्या पैशांवर शिकलो, आणि तिचा चाकू मी वडिलांच्या नावावर चढवत होतो. खाडाखोड करून नोंद दुरुस्त केली.

आता मुख्य चाकू. बुडाशी बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची खूण आणि १९४३ साल स्पष्ट निघाले. ती खूण इंग्रज सरकारच्या मालकीची. एक पाते कापायचे, एक डबा फोडायचे आणि पाठीमागे जाड टोच्या. हा टोच्या घोड्याच्या टापेतले खडे काढायला असतो असे आजोबा सांगत म्हणे. खरे तर तो दोराच्या गाठी सोडवायला आणि दोर ओवायला असतो. म्हणजे चाकू अस्सल लष्करी, दुसऱ्या महायुद्धातला. मला फार आनंद झाला. सालही बरोबर जुळत होते. इंग्रजांनी १८९० च्या दशकात महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध १८९४ साली विनंतीअर्ज तयार केला. १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली आणि १९२१ साली मोडली. शेवटी बाबासाहेबांच्या प्रयत्नांनी १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, जिच्या बिल्ल्यावर सुरुवातीला कोरेगावचा स्तंभ होता.

पण चाकू सैन्याचा आहे एवढ्याने चाकूवाला सैनिक ठरत नाही. सैनिकाला नंबर असतो, सुटकेचा दाखला असतो. आमच्याकडे कागदाचा कपटाही नाही. नंबर असला तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून किंवा मध्य प्रदेशात सागरला रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडे चौकशी करता येते. तो विचारायला मी मनमाडला आत्याकडे गेलो. वय सत्त्याऐंशी, कान मंद, डोके शाबूत. तिने चाकू हातात घेतला आणि हसली. “पल्टन कुठली रे बाबा? देवळालीच्या कॅम्पात पोती वाहायचा तुझा आजा. लढाई सरल्यावर तिथला माल ढिगाने इकला, त्यात घेतला ह्यो. आई लई भांडली होती, घरात दाणा नाही अन् चाकू आणतो म्हणून.”

दादांना हे कसे सांगायचे, याचा मी पंधरा दिवस विचार केला. सांगितले तेव्हा ते फार चिडले. “तुला काय गरज होती खणत बसायची?” असे म्हणाले. महिनाभर फोन नाही.

त्या दिवशी निघताना मी आत्याला रिकामे म्यानही दाखवले होते. त्यात सुरी कुठली होती? ती बराच वेळ गप्प बसली. मग तिच्या आईने तिला सांगितलेले तिने मला सांगितले. गावातली मेलेली जनावरे ओढायचे, सोलायचे काम आमच्या घराकडे होते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली, त्या परिषदेला आजोबा निफाडहून पायी गेले. परत आल्यावर सोलायची सुरी त्यांनी लोहाराकडे नेली आणि तिचे खुरपे करून आणले. गावाने दोन वर्षे बलुते बंद ठेवले. त्या खुरप्याने आजीने लोकांच्या रानात निंदणी करून घर चालवले. खुरपे झिजून संपले, म्यान राहिले.

हे मी दादांना पत्राने कळवले, फोनवर बोलवेना. आठ दिवसांनी ते स्वतः निफाडला आले. डबा उघडला, लष्करी चाकू बाजूला ठेवला आणि म्यान उचलून बराच वेळ बघत राहिले. १ जानेवारीला मुलांना काय सांगणार, हे मी विचारले नाही. जाताना म्यान त्यांनी मागून घेतले. माझ्या वहीत अनुक्रमांक १२ समोर ‘म्यान, कातडी, सुरी नाही, दादांकडे’ अशी नोंद आहे.

ज्यांच्या घरी असे जुने चाकू, अडकित्ते, रांप्या किंवा विळे असतील त्यांनी पात्याच्या बुडाचा पेन्सिलीने घेतलेला ठसा, पात्याची लांबी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेली हकिगत या सदराच्या नावे पाठवावी. मूळ वस्तू टपालाने पाठवू नये.