दाराला अडसर, वाय-फाय उघडे

आमच्या पांढुर्णा-सौंसरकडील जुन्या घरांत रात्री दाराला अडसर लावला की नाही, हे दोनदा पाहिले जाते. त्याच घरांत आज वाय-फायचा डबा चोवीस तास लुकलुकत असतो आणि त्याचा पासवर्ड शेजारच्या चार घरांतील मुलांना तोंडपाठ असतो. शेजारधर्म म्हणून कोणी हरकतही घेत नाही. या विषयावर स्पष्ट लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते.

इंटरनेट वापरताना आपल्या जोडणीला एक क्रमांक मिळतो, तो आयपी पत्ता. त्यावरून थेट घर सापडत नाही. परंतु तो क्रमांक अमुक वेळी कोणत्या ग्राहकाकडे होता, याची नोंद कंपनीकडे असते आणि तपासात ती पोलिसांना मिळते. नोंदीत नाव येते ते जोडणीच्या मालकाचे. बटणे कोणाच्या बोटांनी दाबली, हे त्यात नसते.

२००७ साली ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी आक्षेपार्ह मजकूर आला. पुणे पोलिसांनी आयपी पत्त्यावरून बंगळुरूच्या एका तरुणाला अटक केली. दूरसंचार कंपनीने दिलेली माहितीच चुकीची होती, आणि तो निरपराध मुलगा येरवड्याच्या तुरुंगात ५० दिवस राहिला. महाराजांच्या अपमानाचा संताप आम्हांलाही आलाच असता. म्हणूनच हे प्रकरण आम्ही विसरत नाही. पुढच्याच वर्षी, २६ जुलै २००८ रोजी, अहमदाबादच्या स्फोटांआधी धमकीचा ई-मेल गेला, तो नवी मुंबईत सानपाडा येथे राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या वाय-फायवरून. दुसऱ्यांनीच ती जोडणी वापरली होती. पण पोलीस आधी त्याच्याच दारी आले.

निवडणुकीच्या दिवसांत एखाद्या टारगट पोराने आपल्या जोडणीवरून जाती-धर्माविषयी काही भलते लिहिले, तर जाब विचारला जाईल तो घरच्या म्हाताऱ्याला. तेव्हा जोडणी देणाऱ्या माणसाने डबा बसवताना ठेवलेला पासवर्ड आजच बदला. डब्याच्या आतल्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा असतो. पुष्कळ घरांत तो अजून 'अ‍ॅडमिन' हाच आहे, तोही बदला. पाहुण्यांसाठी 'गेस्ट' जोडणीची सोय बहुतेक डब्यांत असते. संगणकाची फायरवॉल चालू असू द्या. विंडोज ७ ची सुरक्षा-दुरुस्ती जानेवारी २०२० मध्येच थांबली, तेव्हा असा संगणक इंटरनेटला जोडू नये, बँकेच्या कामासाठी तर नाहीच. फोनवरचा अनोळखी माणूस 'स्क्रीन दाखवणारे अ‍ॅप टाका' म्हणाला, की फोन ठेवून द्यावा. तिथे भिडस्तपणा नको.

काही तरुण व्हीपीएन सुचवतात. त्याने संकेतस्थळापासून आपला पत्ता झाकला जातो, हे खरे. पण सगळी वाहतूक मग त्या व्हीपीएन कंपनीच्या हातून जाते. शिवाय २०२२ च्या सरकारी निर्देशांनुसार अशा कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे ठेवायची आहे. फुकटच्या व्हीपीएनपासून तर दूरच राहिलेले बरे.

आता थोडे हक्काचे. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तात्काळ कळवावे. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता अधिक. आपली वडीलधारी मंडळी मात्र हिंदीत लेखी तक्रार द्यायला कचरतात आणि गप्प बसतात. १९५६ साली नागपूर मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो; तरी घरात मराठी टिकली. संविधानाच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, त्यात सौंसरही आले. या जिल्ह्यातील पोलीस ठाण्यांत सायबर तक्रार मराठीत वाचून नोंदवणारा एक तरी कर्मचारी असावा, अशी आमची मागणी आहे, आणि येत्या निवडणुकीत मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आम्ही ती विचारणार आहोत.