पूर्वज नव्हे, समकालीन

जादू ही वैद्यकाची पूर्वावस्था, हे फ्रेझरच्या उत्क्रांतिवादी मांडणीतून आलेले गृहीतक ‘जैत रे जैत’ (१९७७) या चित्रपटातील भगताला लावले, की तो संस्कृतीचा रम्य अवशेष ठरतो. ही समीक्षेची पळवाट आहे. जादू आणि व्यवहारज्ञान एकाच समाजात शेजारी नांदतात, असे मॅलिनोव्हस्कीने १९२५ मध्येच प्रतिपादिले होते. बहुतेक साप बिनविषारी असतात, म्हणून मांत्रिकाला यश लाभते. घोणस चावल्यावर मात्र रुग्णाचा मोलाचा वेळ जातो. मिरजेत वैद्यक शिकून साताऱ्यात व्यवसाय केलेल्या नरेंद्र दाभोलकरांचा झगडा याच समकालीनाशी होता. २०१३ मध्ये त्यांची हत्या झाली. त्याच वर्षीच्या कायद्याने सर्पदंशावरील उपचार रोखून मंत्रतंत्र करणे गुन्हा ठरवले. पूर्वजांविरुद्ध कायदे करावे लागत नाहीत.