कनेक्शन कुणाच्या हातात?

कल्याण-डोंबिवली आणि ठाण्याच्या कष्टकरी वस्त्यांत शाळेचे तोंड न पाहिलेल्या म्हातारीच्या तोंडीही दिवसातून चार वेळा येणारा एक इंग्रजी शब्द आहे, तो म्हणजे कनेक्शन. नळाचे कनेक्शन, लाईटचे कनेक्शन, गॅसचे कनेक्शन, केबलचे कनेक्शन. महापालिकेतून एखादा झटपट काम करून आणतो तेव्हा आपण म्हणतो, ‘त्याचे वरपर्यंत कनेक्शन आहे.’ आणि एखादा कार्यकर्ता पोलिसांनी उचलला की संध्याकाळी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर हाच शब्द लाल अक्षरांत नाचू लागतो, ‘अमक्याचे नक्षली कनेक्शन!’ नळाच्या तोटीपासून तुरुंगाच्या दारापर्यंत पोहोचणारा हा शब्द आपण कधी तपासून पाहिला आहे काय?

इंग्रजीत ‘कनेक्ट’ हा शब्द लॅटिनमधून आला. ‘नेक्टेरे’ म्हणजे बांधणे, गाठ मारणे आणि त्याला ‘कॉन’ म्हणजे एकत्र हे उपपद. ‘नेक्सस’ हा वृत्तपत्रांचा आवडता शब्द याच धातूचा. एखादा प्रदेश आपल्या हद्दीला जोडून घेण्याला ‘अॅनेक्स’ म्हणतात, तोही याच कुळातला. प्राचीन रोममध्ये कर्ज न फेडणारा ऋणको सावकाराकडे शरीराने बांधला जाई. त्या करारालाच ‘नेक्सम’ म्हणत. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात रोमला कायदा करून ती पद्धत बंद करावी लागली. म्हणजे जोडणे आणि जखडणे या दोन्ही गोष्टी या शब्दाच्या पोटात पहिल्यापासून आहेत. आपल्याला हे रोमकडून शिकण्याची गरज नाही. गावगाड्याशी महाराचे कनेक्शन होतेच की! तराळकी होती, वेसकरकी होती, सरकारी सांगावा पोहोचवायचा होता, मेलेली गुरे ओढायची होती. गाव त्याला सोडत नव्हते आणि जवळही करत नव्हते. या वतनाच्या दाव्यातून समाज सुटावा म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात विधेयक आणले. प्रत्यक्षात कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले.

आता आजच्या वस्तीकडे वळू. सरकारी कागदावर ‘नळजोडणी’ असे शुद्ध मराठीत लिहिलेले असते, लोक म्हणतात कनेक्शन. या शब्दाबरोबर क्रियापदे कोणती येतात ते वाचकांनी ऐकून पाहावे. कनेक्शन ‘मिळते’, कनेक्शन ‘देतात’, कनेक्शन ‘कापतात’. जोडणारे हात दोन बाजूंचे असतात, पण देणारा आणि कापणारा एकाच बाजूला बसलेला असतो. गॅसचे उदाहरण तर गमतीचेच आहे. सिलिंडरच्या गॅसमध्ये घराला कुठूनही पाइप जोडलेला नसतो, गाडीवरून टाकी येते आणि रिकामी टाकी परत जाते. तरी आपण त्याला कनेक्शन म्हणतो, कारण एजन्सीच्या वहीत आपले नाव चढलेले असते. माझ्या मते या शब्दाचा खरा भारतीय अर्थ हाच आहे. कनेक्शन म्हणजे वहीत नाव. ज्याचे नाव वहीत नाही त्याने विजेसाठी आकडा टाकायचा, चाळमालकाकडून त्याने ठरवलेल्या दराने युनिट विकत घ्यायचे, पाण्यासाठी शेजाऱ्याच्या नळावर हंडा घेऊन उभे राहायचे, आणि वर पुन्हा चोर म्हणवून घ्यायचे.

वहीत नाव चढवण्याचा आणि खोडण्याचा खेळ कसा चालतो ते कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांनी पाहिले आहे. १९८३ साली महापालिका स्थापन झाली तेव्हा ही गावे तिला जोडली. २००२ साली ती तोडली. २०१५ साली पुन्हा जोडली. २०२० साली त्यातली १८ गावे परत बाहेर काढण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला, तो उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला. गावांना महापालिका हवी की नगरपरिषद हा वाद वेगळा, त्यात दोन्ही बाजूंनी प्रामाणिक माणसे आहेत. पण या जोड-तोडीत गावांचे पाणी मात्र एमआयडीसीच्या वाहिनीवर लटकत राहिले, आणि दरम्यान त्याच गावांत बांधकामे उभी राहिली, चाळी भरल्या, भाडेकरू आले. माणसे दुप्पट-तिप्पट झाली तरी वाहिनीची तोंडे त्या मानाने वाढली नाहीत.

७ मे २०२२ रोजी डोंबिवलीजवळच्या संदप येथील दगडखाणीच्या पाण्यात एकाच कुटुंबातील पाच जण बुडून मेले. दोन महिला आणि तीन मुले. परिसरात पाणीटंचाई असल्यामुळे ती माणसे कपडे धुण्यासाठी खाणीवर गेली होती, हे तेव्हा सर्वच वृत्तपत्रांनी छापले. मुंबईपासून लोकलने तासाभराच्या अंतरावर, ज्या शहराला काही जण सांस्कृतिक नगरी म्हणून मिरवतात त्याच्या वेशीवर, कपडे धुण्यासाठी खाणीत उतरावे लागते! खाणीत एक मूल बुडू लागले म्हणून दुसरे धावले, असे आपण वाचले आणि हळहळलो. नंतर मोर्चे निघाले, आश्वासने मिळाली. अशा मृत्यूंची नोंद पोलिसांच्या दफ्तरी ‘अकस्मात मृत्यू’ या सदराखाली होते. पाण्याचे कनेक्शन नसल्यामुळे आलेल्या मृत्यूसाठी सरकारी दफ्तरात वेगळे सदरच नाही.

याच जिल्ह्यात शहापूर तालुका आहे. तानसा धरण १८९२ सालचे, भातसा धरण नंतरचे, दोन्ही याच तालुक्यात. मुंबईच्या नळांना येणारे पाणी इथून निघते. कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसून उन्हाळ्यात या भागात गेलात तर धरणे भरलेली आणि पाड्यावर टँकरची वाट पाहणाऱ्या आदिवासी बाया असे दोन्ही देखावे एकाच दिवसात पाहता येतात. शेकडो किलोमीटरवरचे घर जोडता येत नाही, असे कुणी म्हटले तर समजू शकते. इथे धरण शेजारी आहे. पाइप शेजारून जातो. फक्त त्याला त्या पाड्याच्या बाजूने तोंड ठेवलेले नाही.

केंद्र सरकारने १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशन जाहीर केले. घरोघरी नळ, माणशी रोज ५५ लिटर. या योजनेच्या कागदपत्रांत जो शब्द वापरला आहे तो नुसता ‘नळजोडणी’ असा नाही, ‘कार्यात्मक नळजोडणी’ असा आहे. म्हणजे जोडणी असूनही नळ कोरडा राहू शकतो, हे सरकारला आधीपासून ठाऊक होते म्हणूनच ते विशेषण लावावे लागले. हे विशेषण लावणाऱ्या अधिकाऱ्याचे मी मनापासून अभिनंदन करतो. त्याने एका शब्दात देशाची पाणीपुरवठा व्यवस्था सांगून टाकली.

कागदावरची जोडणी आणि प्रत्यक्षातले पाणी यांच्यातले अंतर आपल्या चळवळीइतके कुणाला ठाऊक असणार? रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. झाले कनेक्शन! पण तळ्यावर पहिली ओंजळ भरायला २० मार्च १९२७ उजाडावे लागले, त्यासाठी डोकी फुटली, आणि न्यायालयातला अखेरचा निकाल १९३७ साली लागला.

त्याहूनही बोलका प्रसंग बाबासाहेबांच्या लहानपणचा आहे, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींमध्ये त्यांनी तो लिहून ठेवला आहे. १९०१ साली ही भावंडे साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाली. तिकीट काढले, आगगाडीत बसली, मसूर स्टेशनवर उतरली. रेल्वेने जोडण्याचे काम चोख केले. तिने जात विचारली नाही, पैसे विचारले. पण स्टेशनच्या बाहेर मात्र मुले महारांची आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी मुलांनी स्वतः हाकायची या अटीवर एक तयार झाला. जवळ जेवण होते, पण प्यायला पाणी मिळाले नाही आणि मुले उपाशी झोपली. रूळ होते, तिकीट होते, पैसे होते. तुटलेले होते ते माणसाचे माणसाशी असलेले कनेक्शन, आणि ते जोडणारा कुठलाही फिटर रेल्वे कंपनीच्या नोकरीत नव्हता.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोहोचली. तिथून एक फाटा कसारा घाटाकडे आणि दुसरा बोरघाटाकडे गेला, कल्याण जंक्शन झाले. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेली आपली किती माणसे याच जंक्शनवर बोचके घेऊन उतरली आणि वालधुनीच्या काठाने, रुळांच्या कडेने, टेकड्यांच्या पोटात वसली. देशाच्या कानाकोपऱ्याशी जोडलेल्या या स्टेशनच्या हाकेच्या अंतरावर आजही अशी घरे आहेत जिथे पहाटे तीनला उठून नळावर नंबर लावावा लागतो. आणि त्या नळाला मोटर लावून पाणी ओढणारा शेजारी दलितच असतो, हेही इथे लिहिलेच पाहिजे.

आता ‘वरपर्यंतच्या’ कनेक्शनकडे येतो. मराठीत याला वशिला म्हणतात, पण वशिला शब्दाला थोडी लाज चिकटलेली आहे. कनेक्शन शब्दाने ती लाज पुसून टाकली. आपल्या वस्तीतला एखादा तरुण चार अधिकाऱ्यांचे फोन नंबर मिळवतो, एखाद्या प्रस्थापित पक्षाच्या नेत्याच्या गाडीत बसतो आणि मग वस्तीत नळ देण्याचा मक्ता त्याच्याकडे येतो. नळ जोडला की त्याचा फलक लागतो, ‘यांच्या अथक प्रयत्नांतून’. करदात्याच्या पैशाने टाकलेल्या अर्ध्या इंची पाइपसाठी माणसांनी पाच वर्षे मिंधे राहायचे. फलकावर बाबासाहेबांचा फोटो असल्यामुळे कुणी बोलत नाही. निळ्या झेंड्याखाली हे चालते आणि आपण ते खपवून घेतो, हे मला मनुवाद्यांच्या कारस्थानाइतकेच गंभीर वाटते.

उरला तिसरा अर्थ. सुधीर ढवळे या ‘विद्रोही’च्या संपादकाला जानेवारी २०११ मध्ये नक्षली संबंधांच्या आरोपाखाली अटक झाली, मे २०१४ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. तीन वर्षांहून अधिक काळ एका शब्दापायी गेला. एल्गार परिषदेनंतर जून २०१८ मध्ये त्यांना पुन्हा अटक झाली, उच्च न्यायालयाचा जामीन मिळायला जानेवारी २०२५ उजाडले. आनंद तेलतुंबडे यांना १४ एप्रिल २०२० रोजी, म्हणजे भीमजयंतीच्या दिवशी, स्वतःहून हजर व्हावे लागले. ते नोव्हेंबर २०२२ मध्ये जामिनावर सुटले. आरोप सिद्ध होवोत वा न होवोत, तो न्यायालयाचा प्रश्न. पण अटकेच्या दिवशी ‘कनेक्शन’ हा शब्द ज्या जाडीच्या अक्षरांत छापला जातो त्या जाडीत निर्दोष सुटकेची बातमी कधी छापली गेली आहे काय? बड्या माणसाचे मंत्र्याशी कनेक्शन असले तर ती त्याची पत. आणि दलित कार्यकर्त्याच्या घरात चार पुस्तके सापडली की ते त्याचे ‘कनेक्शन’!

बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात आदर्श समाजाची कल्पना मांडली. समाजाच्या एका भागात झालेला बदल दुसऱ्या भागापर्यंत वाहून नेणारे मार्ग अनेक असले पाहिजेत, निरनिराळ्या गटांना एकमेकांशी मोकळेपणाने भेटण्याच्या जागा असल्या पाहिजेत, असा त्यांचा आशय आहे. (ते भाषण ठेवणाऱ्या मंडळाच्या नावातच ‘जात-पात तोडक’ होते आणि तोडली त्यांनी बाबासाहेबांची सभा, हा इतिहासाचा विनोद.) इथे वाहून नेणे दोन्ही दिशांनी आहे. आपल्या नळजोडणीत वरून खाली पाणी येते, तेही आले तर. पण वस्तीची तक्रार खालून वर वाहून नेणारा पाइप कुणी टाकलेलाच नाही.

तो टाकण्यासाठी लागणारे सामान मात्र आपल्याकडे आहे. १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर निकाल दिला. पाणी मिळणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि घर बेकायदा बांधलेले आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. अधिकृत इमारतीसारखेच आणि त्याच दराने द्यावे असे म्हटलेले नाही, सामायिक नळही चालेल. आणि पाणी दिले म्हणून झोपडी कायदेशीर होत नाही, हेही स्पष्ट आहे. प्रकरण मुंबईतले होते, तिथल्या महापालिकेला २०२२ साली ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आणावे लागले. परंतु २१ वे कलम मुलुंडच्या जकात नाक्यावर थांबत नाही. ते ठाण्यात, कळव्यात, मुंब्र्यात, २७ गावांत आणि शहापूरच्या पाड्यांवरही लागू आहे.

म्हणून प्रत्येक शाखेने या उन्हाळ्याआधी आपल्या वस्तीची साधी यादी करावी. घरे किती, नळ किती, पाणी किती वाजता येते आणि किती वेळ टिकते, टँकरला महिन्याला किती पैसे जातात. त्यानंतर नळजोडणीचे अर्ज वस्तीने एकत्र भरावेत आणि प्रभाग कार्यालयात महिलांनी स्वतः जाऊन द्यावेत. दादा, भाऊ, साहेब कुणीही मध्ये नको. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागावे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली मुदतीत उत्तर न मिळाल्यास अपील करता येते, ते करावे, आणि अर्जासोबत २०१४ च्या निकालाची प्रत जोडावी. अर्जाची पोच मिळाल्याशिवाय खिडकी सोडू नये.