घास घशाशी अडतो तेव्हा

घरातील वडीलधारी व्यक्ती भाकरी बाजूला सारून मऊ भातावर किंवा आमटीत कुस्करलेल्या पोळीवर भागवू लागली, की आपण त्याचे खापर वयावर फोडून मोकळे होतो. परंतु घास चावता न येणे आणि चावलेला घास घशाखाली न उतरणे, या दोन निरनिराळ्या तक्रारी आहेत. पहिलीवर कवळीचा उपाय चालतो. दुसरीचे कारण शोधावेच लागते. वयोमानाने गिळण्याची क्रिया थोडी संथ होते हे खरे, पण अन्न वारंवार अडकणे हे म्हातारपणाचे नव्हे, आजाराचे लक्षण आहे.

त्यातलाच एक आजार म्हणजे ‘झेंकरची पिशवी’. फ्रीड्रिख आल्बर्ट फॉन झेंकर या जर्मन वैद्यकतज्ज्ञाने १८७७ मध्ये तिचे सविस्तर वर्णन केले, म्हणून हे नाव. घसा संपून अन्ननलिका सुरू होते, तेथे स्नायूचे एक कडे असते. एरवी ते आवळलेले असते आणि घास येताच क्षणभर सैल होते. उतारवयात काहींच्या बाबतीत हे कडे ताठर होऊन पुरेसे उघडत नाही. वरून घास रेटला जातो, खाली वाट अरुंद; त्यामुळे आतला दाब वाढतो. या कड्याच्या लगेच वर, घशाच्या मागील भिंतीत एक नाजूक जागा असते. सायकलच्या जुन्या टायरला चीर पडली की ट्यूबचा फुगा बाहेर येतो, तसे घशाचे आतील अस्तर तेथून बाहेर फुगते. हीच ती पिशवी. साठीनंतर आणि पुरुषांमध्ये ती अधिक आढळते.

पिशवीत साठलेले अन्न पोटात उतरत नाही, ते तसेच राहते. म्हणून जेवणानंतर काही तासांनी न पचलेला घास तोंडात परत येतो. सकाळी उशीवर रात्रीच्या भाताची शिते दिसतात. घशात गुडगुड आवाज येतो, तोंडाला दुर्गंधी येते, आडवे होताच खोकल्याची उबळ येते. साठलेले अन्न श्वासनलिकेत उतरले तर न्यूमोनिया होतो. वृद्धांना पुन्हापुन्हा न्यूमोनिया होत असेल, तर छातीबरोबर गिळण्याचीही चौकशी व्हायला हवी. रक्तदाबाची वा मधुमेहाची गोळीही या पिशवीत अडकून राहू शकते. नियमित औषध घेऊनही गुण येत नसेल, तर हेही कारण असू शकते.

निदानासाठी बेरियमचे पांढरे द्रावण पाजून, ते उतरत असताना एक्स-रे घेतात. पिशवीची शंका असल्यास दुर्बीण घालण्यापूर्वी ही तपासणी झालेली बरी. कारण दुर्बीण चुकून पिशवीत शिरल्यास तिच्या पातळ भिंतीला इजा होण्याचा धोका असतो. याच कारणाने, मोतीबिंदूपासून खुब्यापर्यंत कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना या पिशवीची कल्पना द्यावी. उपाशी असलेल्या रुग्णाच्या पिशवीतही अन्न असू शकते.

पूर्वी यावर मानेला छेद देऊन शस्त्रक्रिया होई. काही रुग्णांसाठी ती आजही योग्य ठरते. परंतु आता तोंडावाटेही उपचार करता येतात. पिशवी आणि अन्ननलिका यांच्यामध्ये एक सामाईक भिंत असते आणि ते ताठर कडे त्या भिंतीतच असते. ही भिंत आतून कापली की दोन्ही पोकळ्या एक होतात, अन्नाला सरळ वाट मिळते. पिशवी काढून टाकावी लागत नाही. ताठ नळीतून स्टेपलरने हे काम करण्याची पद्धत १९९३ पासून रूढ होऊ लागली. मात्र त्यासाठी जबडा मोठा उघडावा लागतो आणि मान बरीच मागे न्यावी लागते. मानेच्या मणक्यांची झीज असलेल्यांना ते कठीण जाते. अशांना लवचीक दुर्बिणीचा पर्याय सोयीचा ठरतो. अलीकडे अस्तराखाली छोटा बोगदा करून केवळ स्नायू कापण्याचे तंत्रही वापरले जाते. मानेवर व्रण राहत नाही आणि बहुतेकांना लवकर घरी जाता येते.

तरीही याला किरकोळ उपचार समजू नये. रक्तस्राव होणे, भिंतीला छिद्र पडून छातीत जंतुसंसर्ग होणे, हे धोके आहेत. काहींना काही वर्षांनी त्रास पुन्हा उद्भवतो. म्हणून असे उपचार नेहमी करणाऱ्या केंद्रातच जावे आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास आधी सांगावे. त्या स्वतःहून बंद करू नयेत. पिशवी लहान असून त्रास नसेल, तर केवळ लक्ष ठेवणे पुरते. उलट त्रास असेल, तर ‘आता या वयात कशाला’ म्हणून उपचार नाकारू नयेत. वयाच्या आकड्यापेक्षा हृदय, फुप्फुसे आणि एकंदर ताकद यांचा विचार महत्त्वाचा.

गिळण्याची प्रत्येक तक्रार पिशवीची नसते. पक्षाघातानंतर पाण्यानेच ठसका लागतो. तेथे दुर्बिणीपेक्षा गिळण्याचे व्यायाम शिकवणारे थेरपिस्ट उपयोगी पडतात. आधी भाकरी, मग भात, मग पाणीही अडू लागले आणि वजन घटत चालले, तर कर्करोगाची शक्यता तातडीने तपासावी लागते. घोटभर पाणी किंवा स्वतःची लाळही उतरेनाशी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

तोवर घरी एवढे करावे: ताठ बसवून, लहान घास देऊन, घाई न करता जेवू घालावे. जेवताना बोलते करू नये आणि जेवल्यावर लगेच आडवे होऊ देऊ नये. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी आठवडाभर वहीत लिहावे: काय अडते, कोठे अडते, किती वेळाने परत येते आणि वजन किती. आई-वडील बहुधा ‘मला काही नाही’ असेच म्हणतील. वही मात्र खरे सांगेल.