नशा आणि छिन्नमनस्कता : दोष कोणाचा?

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी मेफेड्रोनचा प्रचंड साठा पकडला, तेव्हा चर्चा रंगली ती त्याच्या किमतीची आणि त्यामागील टोळ्यांची. 'एमडी' या नावाने विकले जाणारे हे द्रव्य मेंदूवर नेमका कोणता परिणाम करते, हा प्रश्न मात्र मागेच पडला. मेफेड्रोन हे अँफेटामिनच्या कुळातील उत्तेजक आहे. अशी द्रव्ये आणि स्किझोफ्रेनिया अर्थात छिन्नमनस्कता यांच्या नात्याचा शोध विज्ञान गेली सहा-सात दशके घेत आहे. त्या शोधाचे सार प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यावे असे आहे.

या इतिहासाचा एक धागा भारतातला आहे. कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये सर्पगंधेचा गुण उन्मादावर आणि रक्तदाबावर येतो, अशी नोंद प्रसिद्ध केली. पुढे या वनस्पतीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना देण्यास प्रारंभ झाला. ही औषधे काम का करतात, याचा उलगडा स्वीडनचे अर्विद कार्लसन यांच्या संशोधनातून होत गेला. रेसर्पिनमुळे मेंदूतील डोपामिनचा साठा रिता होतो, तर क्लोरप्रोमाझिन डोपामिनच्या संदेशात अडथळा आणते, हे हळूहळू स्पष्ट झाले. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसऱ्या बाजूने पुरावा आला तो नशेच्या द्रव्यांकडून. अँफेटामिनचे अतिसेवन करणाऱ्यांना कोणीतरी आपल्या पाळतीवर असल्याची खात्री वाटू लागते, आवाज ऐकू येतात आणि ही अवस्था छिन्नमनस्कतेपासून वेगळी ओळखणे कठीण असते, असे फिलिप कॉनेल यांनी १९५८ मध्ये लंडनमधून मांडले. अँफेटामिन डोपामिन वाढवते. औषधे त्याला आवर घालतात. डोपामिनचा सिद्धान्त उभा राहिला तो या दोन निरीक्षणांच्या आधारावर.

तथापि, तो अपुरा आहे. फेनसायक्लिडिन आणि केटामिन ही द्रव्ये ग्लुटामेट या वेगळ्याच रसायनाच्या कार्यात अडथळा आणतात. तरीही भ्रमांबरोबरच उदासीनता आणि विस्कळीत विचार ही लक्षणेही निर्माण करतात. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले एक नवे औषध डोपामिनच्या ग्राहकांना थेट न रोखता ॲसिटिलकोलिनच्या मार्गाने काम करते. तात्पर्य, एखादे रसायन वाढले की आजार झाला, इतके हे गणित सोपे नाही.

गांजाच्या बाबतीत हाच विवेक हवा. सुमारे ४५ हजार स्वीडिश तरुणांची लष्करभरतीच्या वेळी घेतलेली माहिती पंधरा वर्षांनी पडताळण्यात आली. पन्नासहून अधिक वेळा गांजा ओढलेल्यांत छिन्नमनस्कतेचे प्रमाण सहा पट आढळले, असे १९८७ मध्ये जाहीर झाले. परंतु त्यांच्यापैकीही बहुतेकांना हा आजार झाला नव्हता. आनुवंशिकता, सेवनाचे वय, मात्रा आणि गांजाची तीव्रता यांवर बरेच काही अवलंबून असते. काही जण आजाराच्या सुरुवातीच्या अस्वस्थतेतूनच नशेकडे वळतात, हीही शक्यता आहे. म्हणून 'गांजाने वेड लागते' हे विधान जितके ढोबळ, तितकेच 'गांजा तर नैसर्गिक, त्याने काय होते' हेही.

आपल्याकडे हा प्रश्न किरकोळ नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या सर्वेक्षण अहवालानुसार वर्षभरात भांग, गांजा वा चरस घेणाऱ्यांची संख्या सुमारे ३.१ कोटी होती. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा आणि चरस यांवर बंदी घातली. भांगेची पाने मात्र त्या व्याख्येबाहेर ठेवली. कायद्याने केलेले हे वर्गीकरण मेंदू जाणत नाही. तिन्हींमधील मुख्य नशाकारक द्रव्य एकच आहे. फरक आहे तो तीव्रतेचा.

खरी हानी होते ती घरातल्या प्रतीक्षेमुळे. तरुण मुलगा संशयी झाला, एकटाच बोलू लागला की 'नशा उतरली की ठीक होईल' अशी समजूत घातली जाते. व्यसनमुक्ती केंद्र त्याच्या मानसिक लक्षणांकडे पाहत नाही, तर मनोविकार विभागात नशेमुळेच हे झाले म्हणून त्याला परत पाठवले जाते, असेही घडू शकते. नशेमुळे उद्भवलेल्या मनोविकृतीच्या सुमारे चौथ्या हिश्श्यातील रुग्णांना पुढे छिन्नमनस्कतेचे निदान होते, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांच्या एका आढाव्याचा निष्कर्ष आहे. उपचारांना जितका विलंब, तितके बरे होणे अवघड, हेही सर्वमान्य आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व अमली पदार्थांशी संबंधित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजारांतच केला आहे. म्हणजे अशा रुग्णाला उपचारांचा हक्क आहे. तो नाकारण्यासाठी नशेचे कारण पुढे करता येणार नाही. दोष नशेचा की आजाराचा, याचा निवाडा नंतर होऊ शकतो. पोलिसांच्या छाप्यांइतकेच व्यसनमुक्ती आणि मनोविकार उपचार एकाच छताखाली आणणेही तातडीचे आहे, हे धोरणकर्त्यांनी ओळखायला हवे.