हातीपायी धड असतानाच

“आता आई-बाबांना एकटं ठेवणं बरोबर नाही.” हे वाक्य तुमच्या घरात बोललं गेलं असेल, तर ते कुठे आणि कधी, हे जरा आठवून पाहा. बहुतेक घरांत ते दवाखान्याच्या बाकड्यावर बसून बोललं जातं. आई बाथरूममध्ये घसरलेली असते, खुब्याचं हाड मोडलेलं असतं. बंगळुरूहून मिळेल ते विमान पकडून मुलगा पुण्यात पोहोचतो, तेव्हा त्याच्याकडे रजा असते चार दिवसांची. त्या चार दिवसांत ऑपरेशन, विम्याची कागदपत्रं, ब्युरोच्या मावशी आणि ‘पुढे काय’ हे सगळं उरकायचं असतं. मग कुणीतरी ज्येष्ठांच्या एखाद्या संकुलाचं नाव काढतं, मोबाइलवर फोटो फिरतात. जिला तिथं राहायचं आहे ती मात्र आत औषधांच्या गुंगीत असते.

अशा संकुलात जायचं की नाही, यावर घरोघरी पुष्कळ वाद होतात. कधी जायचं, यावर जवळजवळ कुणीच बोलत नाही. मला तर वाटतं खरी मेख तिथंच आहे. म्हणून या वेळी तेवढंच बोलू. तुम्ही स्वतः साठी ओलांडलेले असाल किंवा इथे बंगळुरूत बसून नाशिक-कोल्हापूरच्या आई-बाबांची काळजी करत असाल, दोघांशीही.

‘वृद्धाश्रम’ या शब्दाची धास्ती

‘नटसम्राट’मधले अप्पासाहेब बेलवलकर मुलांना सगळं देऊन टाकतात आणि स्वतः रस्त्यावर येतात. ‘संध्याछाया’तले नाना-नानी मुलांच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. ही नाटकं पाहिलेली पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे. त्यांच्यापुढे तुम्ही ‘रिटायरमेंट कम्युनिटी’ असा कितीही गुळगुळीत शब्द ठेवा, त्यांना ऐकू येतो तो ‘वृद्धाश्रम’. आणि वृद्धाश्रम म्हणजे मुलांनी टाकलं.

प्रत्यक्षात या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. निराधार ज्येष्ठांसाठीचा आश्रम ही एक. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० जणांची सोय होईल असा एक आश्रम असावा, असं म्हटलंय, तो हा. दुसरं, ज्येष्ठांचं संकुल. इथे स्वतःचा फ्लॅट, स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःची कडी. कंटाळा आला तर खाली जेवणघर आहे, बाथरूममध्ये धरायला दांड्या आहेत, रात्री बेल दाबली तर कुणीतरी येतं. तिसरं, जिथे आंघोळीपासून मदतनीस लागतो असं निवास. आणि चौथं, स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठीची खास केंद्रं. बंगळुरूत कस्तुरीनगरमध्ये नाइटिंगेल्स मेडिकल ट्रस्टचं असं केंद्र आहे.

मराठी घरांना दुसरा प्रकार तसा अनोळखी नाही. पुण्याच्या परांजपे स्कीम्सने पाषाण, बाणेर, बावधन अशा भागांत ‘अथश्री’ नावाने ज्येष्ठांची संकुलं उभी केली, आणि हेच नाव आता बंगळुरूत व्हाइटफील्डलाही आहे.

बंगळुरूचं आणि निवृत्तीचं नातं तर फार जुनं. या शहराला पूर्वी पेन्शनरांचं नंदनवनच म्हणत. १८९८च्या प्लेगनंतर वसवलेल्या मल्लेश्वरम आणि बसवनगुडीच्या झाडांच्या रस्त्यांवर निवृत्त माणसं सकाळी फिरायला निघत, पार्काच्या बाकावर रोज तेच चेहरे भेटत. संकुल वेगळं बांधायची गरजच नव्हती, अख्खी पेठ संकुल होती. आता त्यातल्या कितीतरी बंगल्यांच्या जागी अपार्टमेंट आली. आणि निवृत्तांसाठीच्या नव्या इमारती गेल्या शहराच्या कडेला, कनकपुरा रोडला, देवनहळ्ळीकडे, व्हाइटफील्डच्या पलीकडे.

दार कधी बंद होतं

आता मूळ मुद्दा. आपण समजतो की संकुल कुठे पळून जात नाही, अगदीच झेपेनासं झालं की जाऊ. पण बऱ्याच संकुलांत प्रवेशाआधी डॉक्टरांची तपासणी असते आणि अट असते की येणाऱ्याने स्वतःची रोजची कामं स्वतः करावीत. म्हणजे जेव्हा तुम्हाला वाटतं ‘आता गरज आहे’, तेव्हा ते दार बंद झालेलं असू शकतं. मग तुमच्यासाठी उरतो तिसरा किंवा चौथा प्रकार. गंमत अशी, की जे आधीच येऊन राहिलेत त्यांची तब्येत पुढे ढासळली तर काही संकुलांत त्यांची सोय तिथंच होते. नव्याने येणाऱ्याची होत नाही.

दुसरं दार कायद्याचं. करार करायचा तर माणूस शुद्धीवर आणि समजत्या मनाचा हवा. स्मृतिभ्रंश बळावल्यावर आईची सही घेऊन फ्लॅट विकता येत नाही. “आपल्याकडे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी आहे ना” म्हणून निर्धास्त राहू नका. आपल्या कायद्यात देणाऱ्याचं भान गेलं की साधं मुखत्यारपत्रही संपतं. मग पालकत्वासाठी कोर्टाच्या फेऱ्या. एका सहीने झालं असतं, त्याला महिने लागतात.

तिसरं दार कुठल्याही माहितीपत्रकात नसतं. नव्या जागी ओळखी करायला अंगात थोडा उत्साह लागतो. ब्रिजला चौथा भिडू म्हणून बसायला, भजनी मंडळात आवाज लावायला, समोरच्या बाईकडे विरजण मागायला. माझ्या ओळखीच्या एक काकू आहेत, निवृत्त शिक्षिका. अडुसष्टाव्या वर्षी नवऱ्याबरोबर नाशिक सोडून इथल्या एका संकुलात आल्या. दोघेही ठणठणीत. नातेवाइकांनी नावं ठेवली, “इतक्यात काय घाई होती?” दोन वर्षांनी काका गेले. तेव्हा मुलगा होताच, पण तेराव्यानंतर तो कामाला लागला. त्यानंतर रोज सकाळी सातला दार वाजवून “चला फिरायला” म्हणणारी बाई होती शेजारच्या फ्लॅटमधली, एक तमीळ आजी. काकूंना तमीळ येत नाही, त्या आजींना मराठी येत नाही. दोघी मोडक्या हिंदीत भांडतातसुद्धा. काकू मला म्हणाल्या, “अगं, हे गेल्यावर आले असते ना, तर दारच उघडलं नसतं मी.”

नातेवाइकांच्या ‘इतक्यात’चं उत्तर त्यात आहे, असं मला वाटतं.

मग खूण कोणती?

मनुस्मृतीत वानप्रस्थाची वेळ सांगताना वयाचा आकडा दिलेला नाही. अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पांढरे केस आणि नातवंडाचं तोंड, हे दिसलं की निघावं, असं म्हटलंय. आता केस रंगवता येतात आणि नातवंडं काही वेळेवर येत नाहीत, तेव्हा खुणा जरा वेगळ्या शोधायला हव्यात.

वृद्धांना तपासणारे डॉक्टर दोन याद्या वापरतात. एक अगदी मूलभूत कामांची: आंघोळ, कपडे, शौचाला जाणं, पलंगावरून उठणं, मलमूत्रावर ताबा, जेवणं. दुसरी जरा वरची: फोन करणं, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैशांचे व्यवहार. सहसा दुसरी यादी आधी डळमळते आणि पहिली बऱ्याच नंतर. आपण मुलं मात्र पहिलीकडे बघत बसतो. “बाबा स्वतःचं स्वतः सगळं करतात” हे खरंच असतं, पण विजेचं बिल दोनदा भरलेलं असतं, रक्तदाबाची गोळी मंगळवारच्या खणात तशीच असते, स्कूटर चार महिने जागची हललेली नसते. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावरून आई खाली उतरणं टाळते आणि म्हणते, “खाली आहे काय एवढं?” फ्रिजमध्ये तीन दिवसांची आमटी असते.

दुसऱ्या यादीतलं एखादं काम निसटायला लागलं की जागा बघायला सुरुवात करा. दोन-तीन निसटली की निर्णय घ्या. हे माझं गणित आहे, वैद्यकशास्त्राचं नव्हे. पण एक सांगते, अशा खुणा अचानक दिसल्या तर आधी डॉक्टरांकडे जा. जीवनसत्त्व बी १२ कमी झालं किंवा थायरॉइड बिघडलं तरी विसराळूपणा येतो, आणि तो औषधाने सुधारू शकतो. त्यासाठी घर सोडायला नको.

काहींनी तर जाऊच नये, असंही माझं मत आहे. खाली किराणावाला, समोर डॉक्टर, रोज संध्याकाळी ज्येष्ठ नागरिक संघाचा कट्टा आणि इमारतीला लिफ्ट, असं घर असेल तर तेच तुमचं संकुल. बाथरूममध्ये दांड्या बसवा आणि खुशाल राहा. महाराष्ट्रात गावोगावी असे संघ आहेत. बंगळुरूत येऊन तो कट्टा मिळेलच असं नाही, आणि मुलाजवळ राहायला मिळालं म्हणून ही उणीव भरून निघते असंही नाही. मुलगा रात्री नऊला घरी येतो. व्हाइटफील्डहून गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात कार्यक्रमाला जायचं तर अख्खी संध्याकाळ ट्रॅफिकमध्ये जाते. म्हणून शहर निवडताना मुलाचा पत्ता बघा, पण आपल्या भाषेत गप्पा कुणाशी होणार तेही बघा. पुण्यात भावंडं, मैत्रिणी असतील तर पुण्यातलं संकुल आणि वर्षातून दोन महिने बंगळुरू, हा हिशोब पुष्कळांना जास्त मानवतो.

आधी राहून बघा

बऱ्याच संकुलांत काही दिवस पाहुणे म्हणून राहता येतं. तिथे आठवडा नव्हे, महिनाभर राहा, आणि तोही दिवाळीत नको, सगळीकडे दिवे लागलेले असतात. भर पावसात राहा. रात्री दहाला बेल दाबून बघा, कोण येतं आणि किती वेळात. जवळचं मोठं रुग्णालय किती किलोमीटरवर आहे हे विचारू नका, संध्याकाळी सहाला तिथं पोहोचायला किती मिनिटं लागतात ते विचारा. जेवणघरात तीनही वेळा जेवा. रोज सांबार चालेल का, हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका; पंचाहत्तराव्या वर्षी भाकरीची आठवण माणसाला परत गावी नेते.

आणि या महिन्यात जुनं घर विकू नका. भाड्यानेही देऊ नका. परतीची वाट उघडी आहे हे माहीत असलं की माणूस नव्या जागेकडे मोकळ्या मनाने बघतो.

पैशांचं थोडक्यात. काही ठिकाणी फ्लॅट विकत घ्यायचा असतो, काही ठिकाणी मोठी अनामत ठेवून राहायचं, काही ठिकाणी नुसतं भाडं. शिवाय दरमहा सेवाशुल्क, आणि ते वाढत जाणार. दरवर्षी किती वाढू शकतं, हे करारात लिहिलेलं आहे का ते बघा. दोघांपैकी एक गेल्यावर शुल्क कमी होतं का, अनामत कुणाला आणि किती दिवसांत परत मिळते, वारसाचं वय कमी असेल तर त्याला तिथं राहता येतं की नुसतं विकता येतं, हेही लेखी हवं. जुनं घर विकून नवं घेतलं तर भांडवली नफ्यावरच्या करात सवलत मिळते, विक्रीनंतर २ वर्षांत घर घ्यावं लागतं. पण अनामत ठेवून राहणं म्हणजे घरखरेदी नव्हे. सीएला आधी विचारा. महाराष्ट्रात महारेराने २०२४मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी लिफ्ट, रॅम्प, रुंद दारं वगैरेंचे निकष घालून दिलेत. प्रकल्प बघायला जाताना व्हीलचेअर दारातून जाते का, हे स्वतः बघा.

एक गोष्ट मात्र आई-बाबांनाच सांगते, मुलांना चालो न चालो. संकुलात जाताना “आता मला काय करायचंय” म्हणून जुनं घर मुलांच्या नावावर करून देत असाल, तर बक्षीसपत्रात ‘आमची देखभाल करण्याच्या अटीवर’ हे स्पष्ट लिहून घ्या. २००७च्या कायद्याच्या कलम २३ खाली अट मोडली तर असा व्यवहार रद्द करून मागता येतो, आणि जानेवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आईच्या बाजूने तसाच निकाल दिला. अट लिहिलेली असली की बाजू भक्कम राहते. जायची घाई तुमच्यापेक्षा इतरांनाच जास्त असेल, तर तेही नीट बघा. जबरदस्ती होत असेल तर देशभर १४५६७ आणि बंगळुरूत १०९० हे ज्येष्ठांसाठीचे मदतक्रमांक आहेत.

हा विषय काढायचा कसा? मुलांनी “तुम्हाला आता झेपत नाही” असं म्हणून सुरुवात केली की तिथंच भांडण. त्यापेक्षा त्यांना विचारा, “तुम्हाला कुठल्या गोष्टीचा सगळ्यात जास्त कंटाळा येतो?” उत्तर कदाचित ‘भाजी आणायचा’ असं येईल, कदाचित ‘संध्याकाळचा’. भाजीवर उपाय सोपा आहे, ती घरपोच येते. संध्याकाळ कुणी घरपोच आणून देत नाही, तिथे संकुलाचं बोलणं सुरू करता येतं. आणि तुम्ही स्वतःच सत्तरीचे असाल, तर मुलांनी विचारायची वाटच पाहू नका. दोन संकुलं स्वतः जाऊन बघून या, मग त्यांना फोन करा. जागा नापसंत पडली तर तसंही सांगा. पुढच्या वर्षी पुन्हा बघायला जाता येईल, तेवढा वेळ अजून तुमच्या हातात आहे.